मोल्सहाइम आणि क्रिकलवुड : दोन मोटारींचे एक दशक

‘व्हिंटेज’ हा शब्द मराठीत आता कोणत्याही जुन्या मोटारीला लावला जातो. परंतु ज्या ब्रिटिश मोटारप्रेमींनी तो मोटारींच्या संदर्भात रूढ केला, त्यांच्या लेखी तो १९१९ ते १९३० एवढ्याच वर्षांत बांधलेल्या गाड्यांपुरता मर्यादित आहे. पहिल्या महायुद्धाचा शेवट आणि जागतिक मंदीचा तडाखा यांच्या मधल्या या बारा वर्षांत युरोपातील वेगवान मोटार अजून एकेका माणसाच्या हट्टाने घडत होती, आणि त्या हट्टांपैकी दोन हट्ट आजही एकमेकांसमोर उभे करून तोलले जातात : फ्रान्समधील मोल्सहाइम येथे एतोरे बुगाती यांनी बांधलेली ‘टाइप ३५’ आणि लंडनच्या क्रिकलवुड भागात वॉल्टर ओवेन बेंटली यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेली साडेचार लिटरची बेंटली. या तुलनेला बहुधा एका टोमण्याने सुरुवात होते. बेंटली जगातील सर्वांत वेगवान मालट्रक बांधतात, असे वाक्य बुगाती यांच्या तोंडी घातले जाते. ते त्यांनी नेमके कधी आणि कोणत्या शब्दांत उच्चारले याविषयी निरनिराळ्या आवृत्त्या आहेत, पण टोमणा इतका चपखल वाटतो की त्याची शहानिशा करण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. तो चपखल वाटतो तो केवळ बाहेरून पाहताना. या दोन गाड्यांची बोनेटे उघडली, त्यांच्यामागचे रस्ते, कर आणि शर्यतींचे नियम लक्षात घेतले, म्हणजे हलकी गाडी विरुद्ध जड गाडी एवढ्यावर हा हिशेब मिटत नाही.

बुगाती यांचा जन्म १८८१ मध्ये मिलान येथे झाला. वडील कार्लो हे चमत्कृतिपूर्ण लाकडी सामानासाठी प्रसिद्ध असलेले रचनाकार, तर धाकटा भाऊ रेंब्रांट हा प्राण्यांच्या ब्राँझ मूर्ती घडवणारा शिल्पकार. अशा घरातून आलेल्या या मुलाने यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण न घेता मोटारींकडे वळावे आणि तरीही प्रत्येक भागाच्या रूपाबद्दल मूर्तिकाराइतकेच काटेकोर असावे, यात नवल नाही. १९०९ मध्ये त्यांनी मोल्सहाइम येथे कारखाना थाटला तेव्हा अल्सास प्रांत जर्मन साम्राज्यात होता. युद्धानंतर तो फ्रान्सकडे आला आणि मालक इटालियन नागरिक असूनही त्याच्या गाड्या शर्यतींत फ्रान्सच्या निळ्या रंगात धावू लागल्या. त्या काळी शर्यतीच्या गाडीचा रंग निर्मात्याच्या नव्हे तर देशाच्या नावाने ठरत असे : फ्रान्सचा निळा, इटलीचा तांबडा, ब्रिटनचा हिरवा.

बेंटली यांची जडणघडण नेमकी उलट दिशेने झाली. १८८८ मध्ये लंडनला जन्मलेले बेंटली सोळाव्या वर्षी डॉनकास्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले आणि वाफेच्या इंजिनांची बांधणी, त्यांची देखभाल, भट्टीत कोळसा ओढणे हे सारे हाताने शिकले. पुढे फ्रेंच बनावटीच्या मोटारींची दलाली करताना त्यांनी ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पिस्टन वापरून पाहिले. हलका पिस्टन अधिक वेगाने वरखाली होऊ शकतो आणि उष्णताही लवकर सोडतो, हा अनुभव महायुद्धात विमानांच्या इंजिनांसाठी कामी आला आणि ‘बीआर-१’ व ‘बीआर-२’ ही त्यांची इंजिने ब्रिटिश लढाऊ विमानांत बसली. १९१९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली व १९२१ मध्ये पहिली तीन लिटरची गाडी ग्राहकाच्या हाती पडली. रेल्वेच्या इंजिनाकडून माणूस जी अपेक्षा करतो, म्हणजे ओझे घेऊन दिवसभर न कुरकुरता धावण्याची, तीच त्यांनी मोटारीकडून केली. सांगाड्याला पाच वर्षांची हमी देण्यामागे हीच धारणा होती.

या इंजिनाचा आकार मात्र केवळ त्यांच्या स्वभावाने ठरला नव्हता. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर बसला. पण ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसून सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांवरून सूत्राने काढलेली असे. पिस्टन किती लांब सरकतो, म्हणजे त्याची धाव किती, याचा त्या सूत्रात विचारच नव्हता. साहजिकच ब्रिटिश रचनाकारांनी व्यास आखूड ठेवून धाव लांबवली. तीन लिटरच्या बेंटलीत सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि धाव १४९ मिलिमीटर होती; त्यामुळे २,९९६ घनसेंटिमीटरचे इंजिन सरकारदरबारी अवघ्या १५.९ अश्वशक्तीचे ठरे. लांब धावेचे इंजिन फार भरभर फिरू शकत नाही, पण कमी फेऱ्यांतही जोरदार ओढते, त्याला उंची लागते, उंचीला भक्कम पाया लागतो आणि भक्कमपणाला वजन लागते. ज्या अवजडपणावर पुढे टोमणे मारले गेले त्याचा काही वाटा अशा रीतीने ब्रिटिश अर्थखात्याच्या पदरी घालावा लागतो.

रस्त्यांचा भेदही तेवढाच परिणामकारक होता. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर सार्वजनिक रस्ता बंद करून शर्यत भरवण्यास कायद्याने मुभा नव्हती आणि १९३० पर्यंत ताशी २० मैलांची वेगमर्यादा कागदोपत्री कायम होती. म्हणून तेथील वेगाचे वेड ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या खडबडीत, कलत्या धावपट्टीवर भागवले जाई. तेथे टिकण्यासाठी गाडी दणकट असणे ही पहिली अट होती. फ्रान्स आणि इटलीत मात्र डोंगरातले घाटरस्ते, गावांतली वळणे आणि मैलोन्‌मैल सरळ धावणारे राष्ट्रीय मार्ग हीच शर्यतीची मैदाने होती, आणि तेथे वळणावर चटकन तोंड फिरवणाऱ्या गाडीला मोल होते.

टाइप ३५ प्रथम लोकांसमोर आली ती ३ ऑगस्ट १९२४ रोजी, ल्यों येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये. घोड्याच्या नालेच्या आकाराचे रेडिएटर, तेथून शेपटीकडे निमुळते होत गेलेले अरुंद अंग आणि आठ सपाट आऱ्यांची ॲल्युमिनियमची ओतीव चाके असे तिचे रूप होते. तारांच्या आऱ्यांची चाके सर्वत्र रूढ असताना बुगाती यांनी चाक आणि ब्रेकचा ड्रम एकत्रच ओतला; त्यामुळे वजन घटले, ब्रेकची उष्णता आऱ्यांवाटे हवेत जाऊ लागली आणि चाक काढले की ब्रेक आपोआप उघडा पडे. पुढचा आस पोकळ होता व त्याच्या पोटात ठेवलेल्या खाचांतून पाटे, म्हणजे स्प्रिंगा, आरपार जात. इंजिन आठ सिलिंडरांचे, १,९९१ घनसेंटिमीटरचे. व्यास ६० आणि धाव ८८ मिलिमीटर. त्याचे खरे वैशिष्ट्य क्रँकशाफ्टमध्ये होते. पिस्टनची सरळ हालचाल चक्राकार करणारा हा वाकडा दांडा त्या काळी बहुधा मऊ धातूच्या साध्या बेअरिंगांवर फिरे; बुगाती यांनी तो तुकड्यातुकड्यांनी जोडून छर्ऱ्यांच्या आणि रुळांच्या बेअरिंगांवर बसवला, त्यामुळे घर्षण इतके कमी झाले की इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांपर्यंत सुखाने जाऊ लागले. या रचनेची किंमतही होती : क्रँकशाफ्ट खोलून पुन्हा जुळवणे हे घड्याळजीचे काम होते आणि ते वरचेवर करावे लागे.

ल्योंला या देखण्या गाडीची फजिती झाली. तिच्यासाठी खास तयार केलेल्या टायरांचे रबर नीट पक्के झालेले नव्हते. शर्यतीत ते सोलून निघू लागले आणि पाच गाड्यांपैकी दोनच शेवटपर्यंत पोहोचल्या, त्याही सातव्या आणि आठव्या क्रमांकावर. सातव्या गाडीचा सारथी होता जाँ शासान्य, आणि हे नाव येथे मुद्दाम नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

पुढील वर्षापासून चित्र पालटले. सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ ही शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगातीने जिंकली. १९२६ चे निर्मात्यांचे जागतिक अजिंक्यपद याच सांगाड्यावरच्या दीड लिटरच्या भावंडाने मिळवले, आणि १९२९ मध्ये मोनाकोची पहिली ग्रां प्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स याने टाइप ३५ बी घेऊन जिंकली; गाडी फ्रेंच असली तरी ती ब्रिटिश हिरव्या रंगात रंगवलेली होती. या यशाचे रहस्य केवळ कारखान्याच्या संघात शोधून चालणार नाही. अन्य निर्माते शर्यतीची गाडी स्वतःजवळ ठेवत, बुगाती ती पैसे मोजणाऱ्या कोणालाही विकत. त्यामुळे युरोपातील कोणत्याही लहानमोठ्या शर्यतीच्या आरंभरेषेवर निळ्या गाड्यांची रांग दिसे आणि विजयांची संख्या फुगत जाई. अशा खासगी स्पर्धकांत प्रागची एलिश्का युन्कोव्हा होती, जिने १९२८ च्या टार्गा फ्लोरिओत नामांकित पुरुष स्पर्धकांना मागे टाकून काही काळ आघाडी घेतली आणि अखेर पाचवा क्रमांक पटकावला. बेताच्या ऐपतीच्या ग्राहकांसाठी साध्या बेअरिंगांची ‘३५ ए’ ही स्वस्त आवृत्तीही निघाली; पॅरिसमधील कृत्रिम मोत्यांच्या एका पेढीच्या नावावरून लोकांनी तिचे ‘तेक्ला’ असे नाव पाडले.

बेंटली यांना ग्रां प्रीत रस नव्हता. त्यांचे मैदान ठरले ते १९२३ मध्ये सुरू झालेली ल माँची चोवीस तासांची शर्यत, जिचा मूळ हेतूच प्रवासी मोटारींची कसोटी पाहणे हा होता. गाडीला दिवे, मडगार्ड आणि चार आसने असावी लागत, इतकेच नव्हे तर आरंभीच्या काही वर्षांत ठरावीक फेऱ्या टप चढवून पुऱ्या कराव्या लागत. पहिल्या वर्षी जॉन डफ या खासगी ग्राहकाने फ्रँक क्लेमेंटसह नेलेली तीन लिटरची गाडी पुढच्या चाकांना ब्रेक नसतानाही चौथी आली आणि पुढच्या वर्षी त्याच जोडीने शर्यत जिंकली. १९२७ चा विजय तर दंतकथाच झाला. रात्रीच्या अंधारात ‘मेझाँ ब्लांश’ या वळणावर आडव्या पडलेल्या गाडीवर मागच्या गाड्या आदळल्या, त्यात बेंटलीच्या तिन्ही गाड्या सापडल्या. त्यांपैकी ‘ओल्ड नंबर सेव्हन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी तीन लिटरची गाडी सॅमी डेव्हिस याने वाकलेल्या आसासह आणि फुटक्या दिव्यासह बाहेर काढली आणि डॉ. बेंजाफिल्ड या जिवाणुशास्त्रज्ञ जोडीदाराबरोबर दुसऱ्या क्रमांकापेक्षा वीस फेऱ्यांच्या आघाडीने जिंकली.

त्या अपघातात सर्वांत पुढे असलेली गाडी साडेचार लिटरचा पहिला नमुना होती. १०० मिलिमीटर व्यास, १४० मिलिमीटर धाव, ४,३९८ घनसेंटिमीटर आणि सुमारे ११० अश्वशक्ती असे तिचे माप. १९२८ मध्ये वूल्फ बार्नाटो आणि बर्नार्ड रुबिन यांनी तिच्यावर ल माँ जिंकले. त्याच शर्यतीत दुसऱ्या साडेचार लिटरवर हेन्री बर्किन याचे मागचे टायर फुटले. वजन वाचवण्यासाठी गाडीत जॅक ठेवलेला नव्हता, तेव्हा त्याने फाटलेले रबर कापून काढून उघड्या चाकावर गाडी रेटली आणि चाक मोडल्यावर धावत तळ गाठला. जोडीदार दोन्ही बगलांत एकेक जॅक घेऊन उलट पळत गेला, गाडी उभी केली आणि अखेर त्या जोडीने पाचवा क्रमांक मिळवला. हा जोडीदार म्हणजे ल्योंला टाइप ३५ हाकणारा शासान्यच होय. दोन्ही पंथांची गाडी चाकाच्याच दोषाने अडल्याचे त्याच्याइतके जवळून दुसऱ्या कोणी अनुभवले नसावे.

यंत्राकडे बारकाईने पाहिले तर हे पंथ समजुतीइतके दूर नाहीत. दोन्ही इंजिनांत झडपा उघडणारा दांडा एकच आणि तो सिलिंडरांच्या माथ्यावर होता, जेव्हा बहुतेक इंजिनांत झडपा अजून बाजूला असत. दोहोंत सिलिंडरमागे दोनांहून अधिक झडपा होत्या, बेंटलीत चार आणि बुगातीत तीन. दोहोंत सिलिंडरचा माथा सुटा न ठेवता ठोकळ्यासह अखंड ओतलेला होता, त्यामुळे सांध्यातून गळती होण्याचा धोका संपला, मात्र झडप घासायची झाली तरी अख्खा ठोकळा उचलावा लागे. चांगले इंजिन कसे असावे याविषयी मूर्तिकाराचा भाऊ आणि रेल्वेचा उमेदवार यांचे बऱ्याच अंशी एकमत होते. ते इंजिन कशावर बसवावे आणि त्याने किती काळ चालावे, येथे त्यांच्या वाटा फुटत होत्या.

सुपरचार्जरबाबतही दोघांचा आरंभीचा कौल एकच होता. इंजिनाच्या शक्तीने फिरणारा हा पंप हवा आणि इंधनाचे मिश्रण सिलिंडरांत दाबाने कोंबतो, त्यामुळे तेवढ्याच इंजिनातून अधिक शक्ती मिळते. ल्योंला प्रतिस्पर्ध्यांकडे तो असताना बुगाती यांनी तो टाळला होता, परंतु पराभवांनी त्यांचे मत बदलले व १९२६ पासून ‘३५ सी’ आणि पुढे ‘३५ बी’ या सुपरचार्जरच्या आवृत्त्या निघाल्या. बेंटली यांनी मत बदलले नाही. शक्ती वाढवायची तर इंजिन मोठे करावे, ही त्यांची भूमिका होती आणि साडेसहा लिटरच्या ‘स्पीड सिक्स’ने १९२९ व १९३० अशी सलग दोन वर्षे ल माँ जिंकून ती खरीही करून दाखवली. पण कंपनीचा पैसा १९२६ पासून बार्नाटो याच्या हाती होता. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचा वारस असलेल्या बार्नाटोने बर्किनच्या हट्टाला होकार दिला. बर्किनने ॲम्हर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याकडून सुपरचार्जर करवून घेतला, डोरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीचे पैसे आणले आणि वेलिन येथे वेगळा कारखाना थाटला. रेडिएटरच्या पुढे, थेट नाकावर बसवलेला तो पंप आणि त्याने १७५ अश्वशक्तीपर्यंत, तर शर्यतीच्या रूपात २४० पर्यंत नेलेले इंजिन म्हणजेच प्रसिद्ध ‘ब्लोअर’ बेंटली. संघाच्या गाड्या धरून अशा पंचावन्न बांधल्या गेल्या. ल माँला १९३० मध्ये उतरलेल्या दोन्ही ब्लोअर मध्येच बंद पडल्या, त्यांपैकी एकीवर बर्किनच्या जोडीला पुन्हा शासान्यच होता. शर्यतीचा निकाल हाच निकष मानला तर बेंटली यांची नापसंती रास्त ठरते, आणि तरीही आज जगाच्या डोळ्यांसमोर बेंटली म्हणून जी गाडी येते ती हीच नावडती आहे.

दोन्ही पंथांची समोरासमोर गाठ पडली ती २१ सप्टेंबर १९३० रोजी, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पो या गावाजवळ. अधिकृत नियमांनुसार पुरेशा गाड्या न जमल्याने त्या वर्षीची फ्रेंच ग्रां प्री मुक्त नियमांनी, म्हणजे इंजिनाच्या आकाराचे बंधन न ठेवता, भरवण्यात आली होती. ही फट नसती तर साडेचार लिटरच्या गाडीला तेथे पाऊलही ठेवता आले नसते. सार्वजनिक रस्त्यांचा सुमारे १६ किलोमीटरचा त्रिकोण पंचवीस वेळा फिरायचा होता. बर्किनने आपली चार आसनी ब्लोअर दिवे आणि मडगार्ड उतरवून आणली आणि बुगातींच्या त्या निळ्या थव्यात ती हिरवी गाडी वासरांत गवा शिरावा तशी दिसली. वजन प्रतिस्पर्ध्यांच्या दुपटीहून अधिक होते. वळणांपूर्वी ती बरीच आधी आवरावी लागे, टायर झिजत, पण लांब सरळ पट्ट्यांवर ती एकेका बुगातीला गाठून मागे टाकत होती. फिलिप एतांसलां याने स्वतःच्या मालकीची टाइप ३५ सी सुमारे ३९६ किलोमीटर ताशी १४५ च्या सरासरीने पळवून शर्यत जिंकली. त्याच्यामागून साडेतीन मिनिटांच्या आत बर्किन दुसरा आला आणि त्याच्यामागे पुन्हा बुगातीच होत्या.

या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला. वास्तविक ती तुलनाच विषम होती : एक गाडी नेमक्या अशाच शर्यतीसाठी जन्मलेली होती, दुसरी कुटुंबासह सहलीला जाण्याच्या नियमांत बसवून मग सोललेली होती. पण विषमता लक्षात घेतल्यावर दुसऱ्या क्रमांकाचे वजन वाढते, आणि मालट्रकचा टोमणा त्या दुपारनंतर फारसा शोभत नाही. तो टोमणा मारणारा माणूस त्याच सुमारास बारा लिटरहून मोठ्या इंजिनाची, तीन टनांच्या घरातली ‘रोयाल’ ही अवाढव्य मोटार राजेमहाराजांना विकण्याच्या खटपटीत होता, हेही विसरता येत नाही.

मंदीने दोघांनाही गाठले. जुलै १९३१ मध्ये बेंटली कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थापकाकडे गेली आणि वर्षअखेरीस रोल्स-रॉइसने एका आर्थिक संस्थेच्या आडून बोली लावून ती विकत घेतली. लिलावात कोण बोलते आहे याचा संस्थापकाला आधी पत्ताही नव्हता. बर्किन १९३३ मध्ये, त्रिपोलीच्या शर्यतीत तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीने हात भाजल्यानंतर काही आठवड्यांत, लंडनला वारला. मोल्सहाइमचा कारखाना तगला तो मात्र मोटारींवर नव्हे. रोयालच्या सहाच गाड्या बांधल्या गेल्या. तिची उरलेली इंजिने बुगाती यांनी फ्रेंच रेल्वेमार्गांसाठी वेगवान स्वयंचलित डब्यांत बसवली आणि मंदीत ओस पडू लागलेल्या कारखान्याला १९३३ पासून त्या कामाने हात दिला. ज्याच्या गाड्यांना ट्रक म्हटले तो रेल्वेतून मोटारीकडे आला होता, आणि म्हणणारा मोटारीतून रेल्वेकडे गेला.

१९९८ मध्ये बेंटलीची कंपनी आणि बुगातीच्या नावाचे हक्क ही दोन्ही एकाच वर्षी फोक्सवॅगन या जर्मन समूहाच्या मालकीची झाली. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी बेंटलीने बर्किनच्या संघातली जुनी ब्लोअर सुटी करून तिचा भाग न् भाग संगणकाने मोजला आणि तिच्या बारा नव्या प्रती बांधून विकल्या. टाइप ३५ च्या नव्या प्रती त्याआधीच अर्जेंटिनातील एका कार्यशाळेतून बाहेर पडत होत्या.